पान लावलं, कुजलं: सक्युलंट आणि होयाची रोपं करताना क्रम कुठे चुकतो

पानफुटीने आपल्या सगळ्यांना फार लवकर शेफारून ठेवलंय. लहानपणी पुस्तकात दडवलेल्या पानाच्या कडेला इवली इवली रोपं फुटलेली पाहिली, की डोक्यात कायमचं बसतं: पान टाकलं की झाड येतं. वर मनी प्लांटने बाटलीतल्या पाण्यात मुळं धरून दाखवलेली असतात. मग नर्सरीतून हौसेने हावर्थियासारखं सक्युलंट, म्हणजे पानात-खोडात पाणी साठवणारं झाड, आणायचं, त्याचं एक पान ओल्या मातीत खोचायचं, रोज सकाळी चहाबरोबर त्यालाही थोडं पाणी द्यायचं, आणि आठव्या दिवशी हाताला लागतो तो लिबलिबीत गोळा.

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या माझ्या गॅलरीत आणि गच्चीवर मिळून बऱ्याच कुंड्या आहेत, त्यामुळे असे गोळे घेऊन लोक माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी कमी पडलं का हो?" पाणी सहसा कमी पडलेलं नसतं. चुकलेला असतो तो क्रम. मिश्रण तयार नसताना कापलं, जखम ओली असतानाच लावलं, मुळं यायच्या आधी पाणी घातलं. आणि होया, मॉन्स्टेरा या वेलींसारखं जे सुकवायचं नसतं, ते नेमकं चार दिवस उन्हात ठेवलं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, एकही पुढे-मागे करू नका.

## टप्पा १ : कोणत्या भागातून रोप येतं, ते आधी ठरवा

ब्लेड हातात घेण्याआधीचं हे काम. इथे चूक झाली तर पुढचे सगळे टप्पे नीट करूनही हाती काही लागत नाही.

पानातून येणारी. एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटलम, बहुतेक सेडम, गॅस्टेरिया. हात बसवायचा असेल तर ग्रॅप्टोपेटलमपासून सुरुवात करा. राखाडी-गुलाबी रंगाचं, नुसता धक्का लागला तरी पानं गाळणारं झाड ते. गळलेली पानं कुंडीतच पडल्या पडल्या मुळं धरतात. हावर्थियाचंही पान येतं, पण बुडाचा पांढरा भाग अख्खा निघाला तरच, आणि त्यातही दोन-तीन महिने वाट पाहायला लावतं. एओनियम मात्र दिसायला एचेव्हेरियाचा भाऊ असला तरी पानातून येत नाही. त्याचा शेंडाच फांदीसकट घ्यावा लागतो.

पिल्लांतून येणारी. आपल्या कोरफडीची पद्धत हीच. हावर्थिया, गॅस्टेरिया, सान्सेव्हिएरिया म्हणजे स्नेक प्लांट. पिल्लू मिळत असेल तर पानाच्या नादी लागू नका, वर्षभर वाचतं.

फांदीतून येणारी. जेड म्हणजे क्रॅसुला, युफोर्बिया, उभे निवडुंग, स्टॅपेलिया, ह्यूर्निया. अडेनियमची फांदीही लागते, पण बियांच्या रोपासारखं फुगीर बुड ती सहसा धरत नाही. ज्यांना बुडासाठीच अडेनियम हवंय त्यांनी बीच लावावं.

आपल्याकडे ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते एपिफायलमही याच गटातलं. श्रावणात रात्री फूल उमललं की दुसऱ्या दिवशी शेजारणी "एक पान द्या ना" म्हणून दारात येतात, पण ते पान नसतंच. ती चपटी झालेली फांदी असते आणि तिच्या कडेच्या खाचांत डोळे असतात. म्हणूनच ती लागते, आणि म्हणूनच उलटी लावली की रुसते.

पेराशिवाय न येणारी. होया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन. इथे पान कामाचं नाही, पेर कामाचं. उसाचं बेणं लावताना डोळा बघून कांडी निवडतात, तसंच. बदामाच्या आकाराचं होया केरीचं एकच पान छोट्या कुंडीत रोवून विकतात. माझ्याकडे तसं एक पान दोन वर्षं होतं. हिरवंगार, मुळं भरपूर, आणि नवीन फूट शून्य. देठाला पेराचा तुकडा चिकटलेला नसेल तर ते मरेपर्यंत पानच राहतं.

रंगीत, पट्टेरी झाडं. पिवळ्या कडेच्या सान्सेव्हिएरियाचं पान कापून लावलं तर रोप येतं, पण साधं हिरवं. पट्टा टिकवायचा तर कंदासकट पिल्लूच वेगळं करा. पांढऱ्या छटेच्या मॉन्स्टेरामध्ये फक्त पान बघून कटिंग निवडू नका, खोड बघा. डोळ्यापाशी खोडावर हिरवा आणि पांढरा दोन्ही पट्टे दिसले पाहिजेत. निव्वळ पांढऱ्या बाजूची फूट येते, दिसतेही देखणी, पण हरितद्रव्यच नसल्याने फार तगत नाही.

लाल-पिवळ्या गोळ्याचा मून कॅक्टस तर मुळात कलमच असतो. खालची हिरवी तिधारी फांदी बहुधा ड्रॅगन फ्रूटची, वरचा रंगीत गोळा तिच्या जिवावर जगणारा. गोळा काढून मातीत लावलात तर तो मरणारच.

> तपासणी: कापण्याआधी स्वतःला विचारा, "नवीन फूट नेमकी कुठून येणार?" बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर आज कापू नका.

## टप्पा २ : महिना बघा

पुस्तकांत आणि व्हिडिओत "वसंत ऋतूत लावा" असं सांगतात. तो वसंत बहुधा थंड देशातला. आपल्याकडे मार्चअखेर गच्चीची फरशी पायाला चटके देते.

फेब्रुवारी ते मार्चचा मध्य: निवडुंग, युफोर्बिया, अडेनियम, स्टॅपेलिया. थंडी ओसरलेली, हवा कोरडी, जखम झटपट सुकते. माझ्या मते फांद्यांसाठी नाशिकमधले हे सर्वांत भरवशाचे आठवडे.

एप्रिल-मे: काही करू नका. पारा चाळीसच्या आसपास जातो, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात, आणि हावर्थियासारखी झाडं तर या दिवसांत झोपलेली असतात. झोपलेल्या झाडाची पिल्लं तोडली की दोघंही जातात.

मध्य जून ते सप्टेंबर: होया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, बिगोनिया. शहरात इगतपुरी-त्र्यंबकच्या मानाने पाऊस कमी असला तरी हवेतला ओलावा या वेलींना पुरतो. सक्युलंटचे काप मात्र या काळात टाळा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: एचेव्हेरिया, हावर्थिया, गॅस्टेरिया, जेड. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की मी माझं ब्लेड काढतो. लक्षात ठेवायला सोपं जातं.

डिसेंबर-जानेवारी: निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की उष्ण प्रदेशातल्या झाडांना हात लावू नका. अडेनियम, झेडझेड प्लांट, होया यांची मुळं या थंडीत हलतच नाहीत, आणि न हललेलं कटिंग ओल्या मिश्रणात कुजतं.

अपवाद एकच: झाड कुजायला लागलंय आणि वरचा भाग वाचवायचाय, तर कोणताही महिना चालेल.

## टप्पा ३ : मिश्रण आणि सामान आधी तयार ठेवा

आपली काळी माती द्राक्षाला, कांद्याला उत्तम. कुंडीतल्या सक्युलंटला ती फाशी आहे. ओली असताना चिखल, सुकली की विटेसारखी घट्ट, मध्ये हवेला जागाच नाही. "थोडी घातली तर काय होतं?" तर तेवढ्या थोडीनेच निचऱ्याची भोकं बुजतात.

सक्युलंटसाठी माझं प्रमाण, एकाच वाटीने मोजून:

- ३ वाट्या खनिज खडे: पर्लाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे), नाहीतर विटांचे तुकडे, ३ ते ६ मिलिमीटरचे
- १ वाटी बारीक कच, चाळून आणि धुऊन
- १ वाटी भाताचं जळकं तूस
- १ वाटी धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)
- अर्धी वाटी जुनं गांडूळखत, तेही फक्त मोठ्या फांद्यांसाठी; पानांसाठी अजिबात नको

यातलं जळकं तूस त्र्यंबक-इगतपुरीच्या भातपट्ट्यातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगितलं की मिळून जातं. पूर्ण पांढरी राख झालेलं घेऊ नका, काळं हवं. विटा जुन्या, नीट भाजलेल्या घ्या. कच्ची वीट दोन पावसांत माती होते.

खरी मेहनत चाळण्यात आहे आणि नेमकी तीच सगळे टाळतात. कच म्हणून क्रश सँड आणली तर तीत दगडाची भुकटी असते. ती पाण्याबरोबर खाली बसते आणि कुंडीच्या तळाशी सिमेंटसारखा थर करते. वरून मिश्रण कोरडं दिसतं, खाली पाणी साठलेलं. पिठाच्या चाळणीतून खाली पडेल ते सगळं फेकून द्या. कोकोपीटही विटेच्या रूपात आलं असेल तर भिजवून दोन-तीनदा पिळून घ्या, त्यात क्षार असतात.

वेलींसाठी वेगळं मिश्रण: नारळाच्या सोडणाचे तुकडे, पर्लाइट, लाकडी कोळशाचे बारीक खडे, थोडं कोकोपीट. मुळं धरेपर्यंत मात्र नुसतं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं, पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा नुसतं पर्लाइट बरं पडतं.

बाकी सामान: नवं ब्लेड किंवा धारदार सिकेटर, पुसायला स्पिरिट, बुरशीनाशक, हातमोजे, जुनी वर्तमानपत्रं, कायम शाईचा पेन आणि लेबलं. पानं ठेवायला द्राक्षाचा पारदर्शक पनेट, म्हणजे द्राक्षं विकतात तो प्लॅस्टिकचा डबा, जपून ठेवा. तळाला आणि झाकणाला आधीच भोकं असतात, उजेड आत येतो, आणि आपल्या गावात सिझनला घरोघरी चार-दोन पडलेले असतातच.

> तपासणी: मिश्रण कुंडीत भरून वरून पेलाभर पाणी ओता. पाणी वर तुंबून न राहता पाच-दहा सेकंदांत तळातून वाहायला हवं. मग मूठभर ओलं मिश्रण दाबून सोडा. लाडू झाला तर अजून खडे हवेत.

## टप्पा ४ : मूळ झाडाची तयारी

सक्युलंटला कापण्याआधी पाच-सहा दिवस पाणी बंद. पाण्याने टम्म फुगलेलं पान तुटताना देठाशी फाटतं आणि सुकायलाही वेळ घेतं. वेलींना उलट, आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी.

मग झाड उलटं-सुलटं करून बघा. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. द्राक्षवाल्यांना याची वेगळी ओळख करून द्यायला नको. आजारी झाडाचं कटिंग म्हणजे आजाराची वाटणी. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून ढेकूण काढा, दोन आठवडे थांबा, पुन्हा बघा, मगच कापा. पिल्लं काढायची असतील तर झाड कुंडीतून बाहेर काढून मुळंही तपासा. मुळांवर पांढरी पूड दिसली तर तोही पिठ्या ढेकूणच, जमिनीखालचा. पर्लाइट समजून दुर्लक्ष करू नका. चिमटीत दाबून पाहा, चिरडला तर कीड.

## टप्पा ५ : काप कसा घ्यायचा

पान: कापायचं नाही, सोडवायचं. अंगठा आणि बोटात पान बुडाशी धरून डावीकडे-उजवीकडे हलकं हलवा, टक्क करून सुटेल. बुडाची चंद्रकोर अख्खी आली पाहिजे, कारण नवीन फूट तिथूनच येते. अर्ध्यात तुटलेली पानं सरळ कंपोस्टात. वरची कोवळी नकोत, खालची वाळत आलेलीही नकोत, मधली घ्या.

फांदी: एका दमात सरळ काप. करवतीसारखं घासू नका, पेशी चिरडतात आणि चिरडलेल्या जागी बुरशी आधी धरते. निवडुंगाच्या जाड खांबाला काप घेतल्यावर पेन्सिलीला टोक काढतात तशा कडा थोड्या तासा. सुकताना मधला भाग आत ओढला जातो. कडा तासल्या नाहीत तर तिथे वाटी होते आणि त्या वाटीत पाणी साचतं.

कापलेला भाग उजेडात बघा. मध्ये जे गोल कडं दिसतं ते स्वच्छ, एकसारखं हवं. तपकिरी किंवा नारिंगी ठिपका दिसला तर कूज वर चढलीय. ब्लेड पुसा, बोटभर वर पुन्हा कापा, पुन्हा बघा. ठिपका जाईपर्यंत हेच. दर कापाला ब्लेड पुसलं नाही तर आपणच कूज वर नेतो.

पिल्लू: ओढून तोडू नका. झाड बाहेर काढा, माती झटका, जोड शोधा, मगच ब्लेड. स्वतःची दोन-तीन मुळं नसलेलं पिल्लू अजून आईजवळ राहू द्या.

> इशारा: युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. शेर ज्यांच्या बांधावर आहे त्यांना हे माहीत असतं, पण गॅलरीतला देखणा युफोर्बिया त्याच घरातला आहे हे विसरायला होतं. हातमोजे, चष्मा, मुलं आणि मांजर दूर. चीक थांबवायला कापावर थंड पाणी मारा. डोळ्यात गेलाच तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. अडेनियम कण्हेरीच्या कुळातलं, त्याचाही चीक विषारी.

## टप्पा ६ : खपली धरू द्या

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा टप्पा वाचा.

गुडघ्याला खरचटलं की आधी खपली धरते आणि मग आतून भरून येतं. सक्युलंटच्या कापाचं तसंच. जखमेवर कोरडा, कडक थर धरेपर्यंत ते मातीला टेकवायचं नाही. उघडी जखम ओल्या मिश्रणात गेली की मुळांआधी बुरशी येते.

कटिंग वर्तमानपत्रावर, सावलीत, हवा खेळत्या जागी ठेवा. उन्हात नको: उन्हात जखम सुकते, पण कटिंगही सुकतं. फ्रिजवर ठेवणारे लोक मला भेटलेत. तिथे उष्णता असते, हवा नसते. गॅलरीतलं उंच कपाट बरं.

कोरड्या हवेतले माझे दिवस असे:

- एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटलमची पानं: २ ते ४ दिवस
- जेडची फांदी, ब्रह्मकमळाचा तुकडा: ४ ते ५ दिवस
- अडेनियम, बोटाएवढा युफोर्बिया: ७ ते १० दिवस
- मनगटाएवढा निवडुंग: २ ते ३ आठवडे

पावसाळ्यात हे दिवस दुप्पट धरा आणि खोलीत पंखा लावा. एका श्रावणात मी युफोर्बियाच्या चार फांद्या कॅलेंडर बघून बरोबर दहाव्या दिवशी लावल्या. दिवस पूर्ण झाले होते, जखम झाली नव्हती. चारही गेल्या. तेव्हापासून दिवस फक्त अंदाजाला, निकाल बोटाचा.

घरातल्या माणसांना या टप्प्यात विश्वासात घ्या. माझी आई एकदा म्हणाली, "अरे, किती मलूल पडलंय ते बिचारं, पाणी तरी दाखव त्याला." आणि मी ऑफिसला गेल्यावर तिने दाखवलंही. आता कटिंगशेजारी मोठ्या अक्षरात चिठ्ठी असते: पाणी नको.

बुरशीनाशक लावायचं तर कोरडं. साफ किंवा बाविस्टीनची चिमूटभर पूड कापावर, हातमोजे घालून. दालचिनीची पूडही चालते. हळदीने नुकसान झालेलं मी पाहिलं नाही, पण जाड लेप देऊ नका. त्याखाली ओल राहते.

उंच निवडुंगाचा तुकडा आडवा ठेवून विसरू नका. दोन आठवड्यांत त्याचा शेंडा उजेडाकडे वळतो, कधी खालच्या कुशीला मुळं फुटतात, आणि मग तो सरळ लावता येत नाही. रिकाम्या कुंडीत उभाच ठेवा.

> तपासणी: कापावर टिश्यू पेपर दाबा. डाग पडला तर अजून ओलं. नखाने हलकं टकटक केल्यावर पुठ्ठ्यासारखं कडक लागलं तर तयार.

## टप्पा ७ : लावणं, कोरड्या मिश्रणात

पानं पुरायची नाहीत. पनेटमध्ये बोटभर कोरडं मिश्रण पसरा, त्यावर पानं पाठीवर झोपवा, बुडं हवेत राहिली तरी चालेल. मुळं स्वतः मिश्रण शोधतात. गुलाबी धाग्यासारखी मुळं दिसली की त्यांच्यावर चमचाभर मिश्रण टाका.

फांद्या फक्त उभ्या राहतील एवढ्याच आत. दोन-तीन सेंटिमीटर पुरे. आधार लागला तर बाजूने खडे लावा, खोल खुपसू नका. जेवढा भाग आत तेवढी कुजायला जागा.

ब्रह्मकमळ आणि सान्सेव्हिएरियाच्या तुकड्यांची खालची बाजू कापतानाच पेनाने खूण करून ठेवा. सुकल्यावर वर कोणतं नि खाली कोणतं, ते शपथेवर सांगता येत नाही.

कुंडी लहान घ्या. बोटाएवढ्या फांदीला तीन इंची कुंडी खूप झाली. मोठ्या कुंडीतलं मिश्रण सुकतच नाही. मातीची कुंडी पहिल्या वर्षासाठी प्लॅस्टिकपेक्षा बरी, श्वास घेते.

आणि लेबल आत्ताच लावा: नाव, कापल्याची तारीख, कोणाकडून आलं. "लक्षात राहील" असं म्हणून ठेवलेल्या माझ्या सहा हावर्थियांची नावं आजही मला माहीत नाहीत.

## टप्पा ८ : पहिलं पाणी आणि उजेड

लावल्या दिवशी पाणी नाही. फांद्यांना पाच ते सात दिवसांनी पहिलं, तेही मिश्रण जेमतेम ओलं होईल इतकं. पुढचं पाणी पूर्ण सुकल्यावर. पानांना मुळं दिसेपर्यंत काहीच नको. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत फार तर संध्याकाळी आठवड्यातून दोनदा मिश्रणावर बारीक फवारा.

मुळं आलीत का हे बघायला कटिंग उपटून पाहणारे खूप असतात. पंधरा दिवसांनी बोटाने हलकं ढकला. हललं नाही, जागेवरच अडलं, म्हणजे धरलंय.

बोअरचं पाणी जड असेल तर पानांवर आणि कुंडीच्या काठाला पांढरी खार बसते. नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून वापरा. पावसाचं साठवलं तर सोन्याहून पिवळं.

उजेड भरपूर, ऊन थेट नको. पूर्वेची गॅलरी सगळ्यांत चांगली. गच्चीवर ठेवायचं तर पन्नास टक्क्यांचं शेडनेट लावा आणि कुंड्या फरशीवर न ठेवता विटांवर किंवा मांडणीवर ठेवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही खालून शेकत राहतो.

> इशारा: रोप फुटल्यावर जुनं पान ओढून काढू नका. ते रोपाचा डबा आहे. आपोआप कागदासारखं वाळून गळेल.

## वेलींसाठी वेगळी वाट (टप्पा ५ ते ८ ऐवजी)

होया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन यांना वरची सुकवणी लावली की मेली. यांची पानं पाणी उडवत राहतात आणि मुळं नसल्याने आत काहीच येत नाही. इथे शर्यत उलटी आहे: पान सुकायच्या आत मुळं आली पाहिजेत.

१. दोन पेरांचा तुकडा घ्या, काप खालच्या पेराच्या बोटभर खाली. मॉन्स्टेरामध्ये हवेतलं मूळ असलेलं पेर मिळालं तर निम्मं काम झालं.

२. होयाचा चीक पाण्याने धुवा आणि अर्धा तास सावलीत ठेवा. मॉन्स्टेराचा जाड काप दोन-तीन तास. एवढंच.

३. खालच्या पेराचं पान काढा. ते पेर ओल्या मॉसमध्ये. मॉस पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल इतकंच ओलं. धार लागली तर जास्त.

४. पारदर्शक झाकणाच्या डब्यात ठेवा. मिठाईचा मोठा डबा चालतो. रोज सकाळी पाच मिनिटं झाकण उघडा, नाहीतर बुरशीची जाळी धरते. डबा उन्हात कधीही नको. बंद डब्यात अर्ध्या तासात भाजी होते.

५. पावसाळ्यात होया तीन ते पाच आठवड्यांत मुळं धरतं. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की मिश्रणात हलवा. पाण्यात मुळं काढायची असतील तरी याच लांबीला बाहेर काढा. बाटलीत हातभर वाढवलेली मुळं मिश्रणात गेल्यावर बहुतेक मरतात.

६. आता डबा एकदम काढू नका. आठवडाभर रोज थोडा जास्त वेळ झाकण उघडं ठेवत जा.

होयाचा ज्या छोट्या दांडीवर फुलोरा येतो ती दांडी फूल गळल्यावर कापू नका. पुढच्या वेळी त्याच दांडीवर पुन्हा फुलं येतात.

मूळ धरायची पावडर हवीच का? सक्युलंटला मुळीच नाही. वेलींना ०.१ ते ०.३ टक्के आयबीए या मुळं आणणाऱ्या संप्रेरकाची पावडर थोडी मदत करते. द्राक्षाच्या खुंटकाड्यांसाठी वापरतात ते तीव्र द्रावण मात्र शेतकरी मित्राकडून आणून बुडवू नका. काप काळा पडतो.

झेडझेडचं पर्ण यातही बसत नाही. ते बोटभर मिश्रणात खोचून, महिन्यातून दोनदा पाणी देऊन, विसरून जायचं. दोन-तीन महिन्यांत खाली बटाट्यासारखी गाठ धरते आणि वर कोंब यायला सहा महिने ते वर्ष. वरचं पर्ण वाळलं म्हणून कुंडी रिकामी करू नका, आधी बोट घालून गाठ शोधा.

## टप्पा ९ : पहिली कुंडीबदल

पानांतली रोपं दोन सेंटिमीटर झाली आणि जुनं पान वाळलं की वेगळी करा. फांद्यांना तीन महिने हात लावू नका. बदलताना मुळं दुखावली तर पुन्हा चार दिवस पाणी बंद. खत पहिल्या सहा महिन्यांत नकोच. नंतरही पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भाग.

## बिघडलं तर

फांदी बुडाशी मऊ, काळी: आजच काढा. निरोगी भागापर्यंत वर कापा, टप्पा ६ पासून पुन्हा. मिश्रण फेकून द्या, कुंडी धुवा.

पानाला मुळं आली, पण रोप नाही: बुडाची चंद्रकोर अर्धीच निघाली असणार. तीन महिने थांबा, नंतर सोडून द्या.

रोपं लांबुडकी, पानं विरळ: उजेड कमी. एकदम उन्हात नेऊ नका, दर आठवड्याला थोडं पुढे सरकवा. लांबलेलं पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून नव्याने लावा.

कुंडीवर चिलटं: मिश्रण सतत ओलं आहे किंवा कोकोपीट जास्त आहे. वर बोटभर कच पसरा आणि पाणी ताणा.

पावसाळ्यात रात्रीतून अर्धं रोप गायब: गोगलगाय. टॉर्च घेऊन रात्री दहानंतर बघा, कुंडीच्या खाली सापडेल.

कटिंग कुठून आणायचं: डोंगरातून नाही. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदवाली रानवनस्पती, जिचं वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं, पावसात फुलते आणि तिचा कंद उकरून नेणारे हौशी लोकही तेव्हाच वर चढतात. घरी आणलेला कंद सहसा पुढचा पावसाळा बघत नाही. शिंदळ माकुडी म्हणजे फ्रेरिया इंडिका हे सक्युलंटसुद्धा महाराष्ट्रातच सापडणारी, पण ती बागेतल्या झाडाच्या फांदीवरून सहज लागते. ज्यांच्याकडे लावलेली आहे त्यांच्याकडूनच बोटभर मागा. आणि कुणाहीकडून आलेलं कटिंग, अगदी माझ्याकडून आलेलंही, पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून वेगळं, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.